मिरजेत जवारी, कॅसेटवर डिस्टॉर्शन

कॅसेटवाला:

परवा लेकीने विचारलं, "बाबा, तुला हे रॉकचं खूळ लागलं कुठे?" म्हटलं, मिरजेत. ती एवढी हसली की कानातला हेडफोन खाली पडला. तिच्या लेखी मिरज म्हणजे आजी, उकाडा आणि रेल्वेचं जंक्शन. पण खरंच मिरजेतच लागलं, आणि तेही गिटार ऐकायच्या आधी.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की सतारमेकरांची दुकानं. छताला वाळलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा आणि मांडीवर तानपुरा आडवा घेऊन घोडी घासत बसलेले एक वयस्कर कारागीर. जवारी काढणं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेचा आवाज खुलवणं, किती जिकिरीचं काम असतं हे तेव्हा काय कळणार! दिसायचं ते एवढंच: तार छेडायची, ऐकायचं, दोन हात कानस फिरवायची, पुन्हा छेडायची. मग तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवायचा, आणि एका जागी तो आला की इतका वेळ टणटण करणारी मेलेली तार एकदम उघडायची. एका तारेतून दहा तारा वाजाव्यात तशी. त्या उघडण्यासाठी मी दप्तर पाठीवर घेऊन तिथे ताटकळत असे. शाळेची प्रार्थना कितीदा बुडली, गणती नाही.

१९९३ साली अकरावीत असताना मी पहिली कॅसेट भरून घेतली. नव्वदची, म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. ए बाजूला पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), बी बाजूला डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२). पहिला अल्बम साधारण ४३ मिनिटांचा, त्यामुळे दोन मिनिटं उरत होती. कॅसेट भरणाऱ्याला रिकामी टेप बघवली नसावी. त्याने तिथे स्कॉर्पियन्सच्या 'विंड ऑफ चेंज'ची शिट्टी भरून टाकली. गाणं कुठे रंगात येतंय तोवर खट्ट! टेप संपली. आजही त्या अल्बमच्या अखेरीला हृदयाचे ठोके विरत गेले की माझा कान शिट्टीची वाट बघतो. (बी बाजूला सात-आठ मिनिटं उरली होती, तिथे मात्र पठ्ठ्याने नुसती सरसर ठेवली. का, देव जाणे.)

बी बाजू लावली आणि 'स्मोक ऑन द वॉटर' सुरू झालं. माँत्रोच्या कॅसिनोला लागलेल्या आगीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देतो. मी हललो ते त्या गिटारच्या आवाजाने. वाटलं, हा आवाज मला माहीत आहे. दोरा बरोबर जागेवर आलेली तार आहे ही!

तर आता माझं म्हणणं मांडतो, जाणकारांनी कान पिळावेत. तानपुऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला घासत घासत कंप पावते, म्हणून तिच्यातले उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे बारीक स्वर, ठळक होतात. गिटारच्या अँपला झेपेल त्यापेक्षा जास्त ताकदीचा सिग्नल दिला की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि तिथेही उपस्वर जन्माला येतात. हेच डिस्टॉर्शन. वाट वेगळी, पण कानाला मिळणारी चीज एकाच जातीची: एका स्वरात लपलेली गर्दी.

आणि दुसरी गोष्ट. रॉकवाले डिस्टॉर्शन लावलं की पूर्ण कॉर्ड (एकदम छेडलेले सा-ग-प) सहसा वाजवत नाहीत, मधला गंधार गाळतात. उरतो षड्ज आणि पंचम. यालाच ते पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण साधं आहे. समजा २२० आणि ३३० हर्ट्झचे दोन स्वर अँपमध्ये एकत्र भरडले, तर त्यांच्या फरकाचा ११० हर्ट्झचा स्वरही निघतो, आणि तो असतो खालच्या सप्तकातला षड्जच. सगळं एकाच कुटुंबातलं. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो; एरवी खपून जातो, पण डिस्टॉर्शनमध्ये घातला की माशी घोंगावल्यासारखा घोंगावतो. म्हणजे हजारो वॅट लावून, केस सोडून, चामड्याची जाकिटं घालून हे लोक शेवटी आले कुठे? तानपुऱ्याच्या सा-पवर.

बरं, हा आवाज कुठल्या प्रयोगशाळेत शोधलेला नाही. लिंक रे यांनी १९५८ च्या 'रंबल'साठी अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ च्या 'यू रिअली गॉट मी'साठी स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने फाडला. आमचे कारागीर कानशीने घासायचे, हे ब्लेड चालवायचे. धीर कारागिरांकडे जास्त होता, एवढं मान्य.

नवं ऐकत नाही असं नाही. पण नवं ऐकताना बऱ्याचदा ती उघडलेली तार मिळत नाही. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) मी हौसेने घेतला आणि अर्ध्या तासात डोकं धरून बसलो. सगळं सारख्याच मोठ्याने. श्वास घ्यायला फटच नाही. पुढे कळलं की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त मोकळी वाजते म्हणून चाहते ती शोधत फिरत होते.

तर प्रश्न असा: तुमचा कान रॉकमध्ये नेमका कशाला अडकतो? आणि अलीकडचं असं काही आहे का, ज्यात ती तार उघडलेली ऐकू येते? यादी नको. एकच सांगा, पण का ते सांगा.

अधेमधे:

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, ज्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, त्या गावचा मुलगा तानपुऱ्याची तुलना ढणढणाटाशी करतोय. कलियुग! तानपुरा गायकाला आधार देतो, तुमचा अँप गायकाला गाडतो. हाय काय, नाय काय.

कॅसेटवाला:

दर्ग्यात मीही रात्रभर बसायचो हो. चिंचेच्या झाडाखाली. घरी येऊन पहाटे हेडफोन लावायचो, दोन्ही एकाच कानांनी ऐकलंय. गाडण्याबद्दल मात्र अर्धं मान्य.

तिहाई:

धागा आवडला. वाचनखूण साठवली. आता कान पिळते.

'स्मोक ऑन द वॉटर'च्या त्या सुरावटीत षड्ज-पंचम नाही. रिची ब्लॅकमोर तिथे चौथ्याच्या अंतरावरचे दोन स्वर एकदम, नखी न वापरता बोटांनी उपटतो. म्हणजे षड्ज-मध्यमाचं अंतर. पण थांबा, यात तुमचा मुद्दा पडत नाही, उलट घट्ट होतो. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचम, त्यानंतर जोडीचे षड्ज. खालच्या पंचमापासून षड्जाचं अंतर किती? चौथ्याचंच! तुम्ही मिरजेत उभे राहून जे ऐकलं ते नेमकं हेच होतं. तुमच्या कानाला बरोबर ओळख पटली, हिशेब तेवढा चुकला.

मी तबला शिकते (वयाच्या चाळिशीत सुरू केलाय, गुरुजी अजून 'कायदा' या रचनाप्रकाराच्या पुढे जाऊ देत नाहीत), त्यामुळे माझा कान अडकतो तो लयीत. तुमच्या ए बाजूवरचंच 'मनी' घ्या. सात मात्रा. सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचे जे आवाज येतात, ते टेपचे तुकडे कापून, मोजून, एकाला एक जोडून सात ठोक्यांचं वर्तुळ केलेलं आहे. त्या काळी संगणक कुठला, लय फूटपट्टीने मोजली! आणि गंमत म्हणजे गिटारचा एकल भाग आला की सगळे चुपचाप चार मात्रांवर येतात. सातात बराच वेळ सोलो वाजवणं त्यांनाही जड गेलं असणार. आमच्याकडे विलंबित रूपकात अर्धा तास गातात, असं कॉलर ताठ करून म्हणावंसं वाटतं.

चिकूमिल्कशेक:

म्हणजे 'मनी' रूपकात आहे? माइंड ब्लोन.

तिहाई:

नाही रे बाबा! सात मात्रा मोजता आल्या म्हणजे रूपक होत नाही. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर असते, तीन-दोन-दोन असे विभाग असतात, आणि ठेक्याला स्वतःची चाल असते. 'मनी'त पहिला ठोका चांगला ठणठणीत भरीचा आहे. ही तुलना समाजमाध्यमांवर फिरते आणि दर वेळी मला दात-ओठ खावे लागतात.

लयीचं खरं नवल बघायचं तर लेड झेपेलिनचं 'काश्मीर' (१९७५) ऐका. ड्रमवर बॉनहॅम सरळ चार मोजतोय, गिटारची सुरावट तीनची आहे. दोघं आपापल्या वाटेने चालतात आणि बारा मात्रांनी एकत्र येतात. पहिल्यांदा हात धरून मोजलं तेव्हा बाराव्या मात्रेनंतर माझ्या तोंडून बसमध्ये मोठ्याने 'आ हा' निघालं. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

कॅसेटवाला:

तिहाईताई, दंडवत! 'काश्मीर'चं निघालंच आहे तर एक भर. त्यात जिमी पेजने गिटार नेहमीसारखी लावलेली नाही. तारा खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी. डीला षड्ज धरा आणि वाचा: सा प सा म प सा. आता सांगा, ही गिटार आहे की तानपुरा?

जाता जाता, गाण्याचं नाव 'काश्मीर' असलं तरी शब्द सुचले ते मोरोक्कोच्या वाळवंटी रस्त्यावर. काश्मीर तोवर गायक रॉबर्ट प्लँटने पाहिलंही नव्हतं. मुंबईत मात्र पेज आणि प्लँट दोघं आले होते. १९७२ साली इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती २०१५ पर्यंत अधिकृतपणे बाहेर आली नाहीत. 'फ्रेंड्स' जमलंय. 'फोर स्टिक्स'मध्ये आपली मंडळी जरा बिचकलेली वाटतात.

मेटलमामा:

एवढा अभ्यास करून कोण रॉक ऐकतं राव. आम्ही कोल्हापूरची पोरं, १७ मार्च २००७ ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन बघायला गेलो. मिरजेहून राणी चन्नम्मा पकडली, जनरलच्या डब्यात सहा जण. एकाच्या आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलेली, घरी सांगितलेलं की मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. काळे टी-शर्ट घालून लग्नाला निघालेली सहा पोरं! आई एक शब्द बोलली नाही. तिला कळलं नसेल असं आता तरी वाटत नाही.

माझा कान कशात अडकतो? दोन गिटार एकच सुरावट वेगवेगळ्या उंचीवरून जोडीने पळवतात, त्यात. स्टीव्ह हॅरिसचा बास खालून घोडा फेकल्यासारखा येतो, त्यात. मैदानात हजारो माणसं शब्द नसलेली ती गिटारची सुरावटच ओ ओ करत गात होती. मागे कोणीतरी तमिळमध्ये, पुढे कोणीतरी बंगालीत ओरडत होतं, पण ओ ओ सगळ्यांचं सारखं.

पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला ते मुंबईत बीकेसीला आले. जगाच्या दौऱ्याची सुरुवातच तिथून, आणि बँडचं विमान चालवायला कोण? गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः! मला रजा मिळाली नाही. वरिष्ठांनी कारण विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं.

अधेमधे:

मामा, दशम्यांवर रॉक. आता मात्र धागा मराठी झाला.

ब्रॉडस्ट्रीट:

मी गेली अकरा वर्षं बर्मिंगहॅमला. इथे आलो तेव्हा ब्लॅक सॅबथ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, नाट्यगीतांवर वाढलेला माणूस मी. कॅसेटवाल्यांनी ब्लेड आणि पेन्सिलीचं लिहिलं, त्यात आमच्या गावच्या, सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याचं राहिलं.

हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. वय सतरा. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं उडवली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यांवर दाबायची बोटं नेमकी तीच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली: हा माणूस भाजलेल्या हाताने, दोनच बोटांवर गिटार वाजवतो. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल केल्या, १९७१ च्या अल्बमपर्यंत चांगल्या दीड स्वराने खाली. सगळं हेवी मेटल ज्या जाड, खोल आवाजावर उभं आहे, त्यातला मोठा वाटा दुखऱ्या बोटांना सोसेल अशा तारेचा आहे.

५ जुलै २०२५ ला इथल्या व्हिला पार्कवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. मला तिकीट मिळालं नाही. सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑझबर्न गेला. ब्रॉड स्ट्रीटच्या कालव्यावरच्या पुलावर त्या चौघांचं बाकडं आहे, तिथे फुलांचा खच पडला होता. कामावरून येताना मी थांबलो. पंढरीच्या वाटेवर जसे अनोळखी लोक एकमेकांना पाणी देतात, तसं एक टॅटूने भरलेलं आजोबा-आजींचं जोडपं सगळ्यांना थर्मासमधला चहा देत होतं. मीही प्यायलो. बेचव होता.

मेटलमामा:

शेवटच्या दोन शब्दांनी जीव घेतलात.

पाचगणीपॉइंट:

एवढे प्रतिसाद झाले आणि फारोख बलसाराचं नाव नाही? झांझिबारला जन्मलेला मुलगा आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवला आणि लंडनला जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी आवाजांवर आवाज इतके चढवले की टेपवरचा मसाला घासून ती पारदर्शक व्हायला आली. जवारी म्हणा नाहीतर काय म्हणा, घासल्याशिवाय होत नाही.

चिकूमिल्कशेक:

सगळे काका-मामा १९७० च्या दशकातच बसलेत, म्हणून नव्या बाजूने मी एकटा. वय २३, पुणे.

कॅसेटवालाकाका, एकच सांगायचं तर किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. मेलबर्नचे. २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले, म्हणून लोक त्यांना सवंग समजतात. पण त्यातला 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' तुम्ही हेडफोन लावून ऐकाच. त्यांनी गिटारला जादा पडदे ठोकून घेतलेत, नेहमीच्या दोन पडद्यांच्या मधोमध. म्हणजे सप्तकात बाराऐवजी चोवीस जागा. तुम्ही म्हणता ना, गिटारचा गंधार घोंगावतो? हे लोक तो घोंगाट मुद्दाम शोधत जातात. सुरुवातीला वाटतं की बेसूर आहे. तिसऱ्यांदा ऐकलं की बाकीच्या गिटारी बेचव वाटायला लागतात.

तिहाई:

मिल्कशेका, ऐकलं. पहिलंच गाणं सलग चारदा. फक्त कोणी 'बावीस श्रुती' म्हणायच्या आत सांगते: त्यांचे चोवीस भाग समान कापलेले आहेत, आपल्या श्रुती समान नाहीत. पण त्या मधल्या जागेवर बोट थांबतं तेव्हा कोमल ऋषभाची आठवण येते हे नाकारत नाही. आणि ड्रम काय सुटलेत! ज्याने कोणी शोधले त्याला माझ्याकडून मिसळ.

चिकूमिल्कशेक:

ताई, ठाण्याची की कोल्हापूरची? :)

आणखी एक, हे खास कॅसेटवाल्या काकांसाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी 'पॉलिगोंडवानालँड' काढला (हो, नावात आपला गोंडवाना आहे) आणि मूळ ध्वनिफिती नेटवर फुकट ठेवल्या. कोणीही उतरवा, तबकड्या काढा, कॅसेटी काढा, विका, आमची हरकत नाही. जगभर लोकांनी आपापल्या रंगाच्या, आपापल्या मुखपृष्ठाच्या प्रती काढल्या. म्हणजे तुमच्या कॅसेट भरून देणाऱ्या काकांचाच धंदा, फक्त बँडच्या परवानगीने.

कॅसेटवाला:

मिल्कशेक, काल रात्री दोन्ही ऐकले. लेक शेजारी बसली होती. तिला हा बँड आधीपासून माहीत होता, मला सांगितलं नाही कारण "तू लगेच लेड झेपेलिन काढतोस". केळ्याच्या अल्बमात मिनिटभरात ती तार उघडली. तेच ते, मिरजेतलं. मी लगेच लेड झेपेलिन काढलं नाही. दहा मिनिटांनी काढलं.

'डेथ मॅग्नेटिक'बद्दलचं मत बदलणार नाही.

वाचनमात्र:

बारा वर्षांत पहिलाच प्रतिसाद लिहितेय, चूकभूल द्यावीघ्यावी.

माझ्याकडे एक नव्वदची कॅसेट आहे. थोरल्या भावाची. ए बाजूला 'डार्क साइड', आणि शेवटी ती अर्धवट शिट्टी. इतकी वर्षं मला वाटत होतं की शिट्टी मूळ अल्बममध्येच आहे. आज तुमचा धागा वाचून कळलं. बी बाजूला दुसरंच काहीतरी आहे, जेथ्रो टल बहुधा.

कॅसेटवाला:

अहो, काय सांगता! कुठे भरून घेतलेली? मिरज की सांगली?

वाचनमात्र:

सांगली. भावाला फोन केला आत्ता. दुकानाला पाटी नव्हती म्हणाला, खाली झेरॉक्सवाला आणि वर एक माणूस दोन डेक घेऊन बसायचा.

कॅसेटवाला:

लाकडी जिना?

वाचनमात्र:

हो. तिसरी पायरी हलायची.